उभ्या समुद्रपाणी पंपाचा शाफ्ट तुटला : धुण्यापूर्वी काय काय वाचून घ्यावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. किनाऱ्यावरच्या एका प्रकल्पात कूलिंगसाठी समुद्राचे पाणी उचलणारा उभा मिक्स्ड-फ्लो पंप आहे. तासाला ३६०० घनमीटर पाणी, हेड (पाणी उचलण्याची उंची) २५ मीटर, मोटर ३५५ किलोवॅट, मिनिटाला ९९० फेरे. कॉलम (पाणी वर आणणारी उभी नळी) साडेसात मीटरचा, दीड-दीड मीटरचे पाच तुकडे, प्रत्येक जोडावर पाण्यावर चालणारे रबरी बेअरिंग. शाफ्ट ८० मिमी, ३१६ स्टेनलेसचा, तुकडे चावी (की) आणि मफ कपलिंगने, म्हणजे दोन टोकांवर चढणाऱ्या नळकांड्याने, जोडलेले. डेक (पंप बसवलेला मजला) चार्ट डेटमच्या, म्हणजे सागरी नकाशावरच्या नीचतम ओहोटीच्या पातळीच्या, ७.२ मीटर वर, बेलमाउथचे (पाणी आत घेणाऱ्या घंटेसारख्या तळाचे) तोंड १.५ मीटर खाली. ओव्हरहॉलनंतर मोटरच्या माथ्यावर व्हायब्रेशन सेकंदाला ३ मिमी होते, चार महिन्यांत ९ वर गेले. मोटरची दोन्ही बेअरिंग बदलली, रोटर बॅलन्स करून आणला, फरक पडला नाही. ग्लँड (शाफ्टभोवती पाणी अडवणारी दोरीची पॅकिंग) दर आठवड्याला आवळावी लागत होती आणि ओहोटीला आवाज वाढत होता. शेवटी वरून दुसऱ्या कपलिंगपाशी, की-वेजवळ (चावीच्या खाचेजवळ), शाफ्ट तुटला. आता पंप बाहेर काढायचा आहे. मूळ कारण कसे शोधायचे?

शाफ्ट सगळ्यात शेवटी गेला. त्याआधी चार महिने दुसरे काहीतरी बिघडत होते आणि त्याच्या खुणा अजून पंपात आहेत. पंप डेकवर आला की पहिल्या अर्ध्या तासात कोणीतरी हाय-प्रेशर जेट घेऊन तो चकाचक करतो, स्लीव्ह (बेअरिंगमध्ये फिरणारे शाफ्टवरचे कवच) काढून ढिगात टाकतो, बेअरिंग फोडून भंगारात जातात, आणि त्याबरोबर पुरावाही जातो. मग नवा शाफ्ट बसतो आणि चार-सहा महिन्यांनी तोच प्रश्न परत येतो. म्हणून खाली दिलेला क्रम मोडू नका.

उघडण्याआधी

आधी कागद. मागच्या चार महिन्यांचा व्हायब्रेशनचा ट्रेंड, मोटरचे अँपिअर आणि डिस्चार्ज प्रेशर एका कागदावर घ्या आणि त्याच तारखांचे भरती-ओहोटीचे कोष्टक शेजारी ठेवा. भरती-ओहोटीचे चक्र सुमारे १२ तास २५ मिनिटांचे, म्हणजे वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. आवाज किंवा व्हायब्रेशनचा चढ रोज तसाच पुढे सरकत असेल, तर संबंध पाण्याच्या पातळीशी आहे. रोज ठरावीक वेळीच चढत असेल, तर लोडशी किंवा शेजारचा पंप चालू-बंद करण्याशी आहे. उधाणाच्या (मोठ्या भरतीच्या) दिवसांत जास्त आणि भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत कमी असेही दिसू शकते. मुंबईपासून डहाणूपर्यंत उधाणाला पातळीत चार-पाच मीटरचा फरक पडतो, दक्षिण कोकणात त्याहून कमी. त्यामुळे एकाच बनावटीचा पंप दोन ठिकाणी वेगळा वागतो.

अँपिअर आणि प्रेशर जोडीने वाचा. अँपिअर अचानक नो-लोडच्या जवळ आले आणि प्रेशर शून्य झाले, तर शाफ्ट तुटला किंवा कपलिंग सुटले. अँपिअर नेहमीचे पण प्रेशर आणि पाणी कमी, तर कॉलमच्या एखाद्या फ्लँजची गॅस्केट गेली असेल किंवा कॉलमला भोक पडले असेल. उचललेले पाणी परत संपमध्येच (पंपाखालच्या पाण्याच्या हौदातच) पडते. अँपिअर हळूहळू वर, प्रेशर तेच, तर इम्पेलर (पाणी ढकलणारे पात्यांचे चाक) कुठेतरी घासतो आहे. अँपिअरचा काटा दर काही सेकंदांनी वरखाली डुलत असेल, तर पंप हवा ओढतो आहे. पंप बाहेर काढल्यावर यातले काहीही तपासता येत नाही, म्हणून हे आधी.

मग मोटर कपलिंगपासून सोडवून एकटी चालवा. एकटी मोटर शांत चालली तर तिच्यावर पुन्हा पैसे घालवू नका. एकटी चालतानाही १६.५ हर्ट्झला, म्हणजे फेऱ्यांच्याच वारंवारतेला, व्हायब्रेशन मोठे असेल तर स्विच बंद करताना मीटरवर लक्ष ठेवा. वीज जाताच व्हायब्रेशन क्षणात नाहीसे झाले तर कारण विजेचे आहे. वेगाबरोबर हळूहळू उतरले तर यांत्रिक. वेग उतरत असताना मध्येच एकदा उसळून मग खाली आले, तर मोटर आणि डिस्चार्ज हेडच्या (मोटर जिच्यावर बसते आणि पाणी जिथून बाहेर वळते त्या बैठकीच्या) सांगाड्याची नैसर्गिक वारंवारता त्या वेगाशी जुळते आहे.

ही शेवटची शंका बंद मोटरवर सहज तपासता येते. मोटरच्या माथ्यावर सेन्सर लावा, रबरी तोंडाच्या जड हातोड्याने एक ठोका द्या आणि सांगाडा किती हर्ट्झला थरथरतो ते पाहा. ठोका दोन दिशांना द्या : डिस्चार्ज पाइपच्या रेषेत आणि तिच्या काटकोनात. डिस्चार्ज हेडला कपलिंगसाठी खिडक्या कापलेल्या असतात, त्यामुळे दोन दिशांचा ताठपणा वेगळा येतो आणि एकाच दिशेच्या मोजणीने फसगत होते. आलेला आकडा १६.५ पासून निदान २० टक्के दूर हवा, म्हणजे १३ च्या खाली किंवा २० च्या वर. एक मात्र ध्यानात ठेवा : तुमच्या पंपात सुरुवातीला ३ मिमी होते आणि नंतर ९ झाले. सांगाडा तोच असेल तर फक्त अनुनाद, म्हणजे वारंवारता जुळणे, हे कारण पुरत नाही. काहीतरी बदलत गेले आहे : झीज, सैल झालेला बोल्ट, ग्राउटमधली (सोलप्लेटखाली ओतलेल्या भरावातली) पोकळी, इम्पेलरवर साठलेले काही. अनुनाद असलाच तर तो त्या बदलाला मोठा करून दाखवतो. फाउंडेशन बोल्ट पान्याने तपासा, सोलप्लेटवर (पंपाखालच्या बैठकीच्या प्लेटवर) हातोडीने ठोकत पोकळ आवाज कुठे येतो ते खडूने आखा.

डिस्चार्ज पाइपचा ताण आत्ताच मोजा, कारण पंप सुटला की तोही सुटतो. डिस्चार्ज हेडला दोन दिशांना डायल गेज लावा आणि डिस्चार्ज फ्लँजचे बोल्ट एकेक करून ढिले करा. काटा ०.०५ मिमीपेक्षा जास्त हलला तर पाइप पंपाला ओढत किंवा ढकलत होता. रबरी एक्स्पान्शन बेलोज असेल तर त्याचे टाय-रॉड (बेलोज लांबू न देणारे दांडे) जागेवर आहेत का आणि नट बसलेले आहेत का, हे डोळ्यांनी पाहा. ७०० मिमी पाइपवर अडीच बार प्रेशर म्हणजे नऊ-दहा टनांचा रेटा. टाय-रॉड नसतील तर तो सगळा डिस्चार्ज हेडवर येतो आणि हेड मागे कलते. बंद पंपावर काहीच दिसत नाही, चालू झाला की कलतो; म्हणून हे कारण वर्षानुवर्षे सापडत नाही.

शेवटी दोन मोजमापे. वरचा तुटका शाफ्ट ग्लँडपाशी हाताने आडवा ढकलून डायलवर खेळ किती ते लिहा. आणि इम्पेलर शक्य असेल तर खालपासून वरपर्यंत एकूण किती मिमी उचलला जातो ते ड्रॉइंगशी ताडून पाहा. शाफ्ट तुटल्यामुळे तुमच्याकडे दुसरे मोजमाप पंप आडवा केल्यावरच घेता येईल.

बाहेर काढताना

प्रत्येक फ्लँजवर उत्तरेच्या बाजूला, म्हणजे सगळीकडे एकाच रेषेत, पंच किंवा पेंटची खूण करा. स्टिकर टाकू नका, ओल्या पृष्ठभागावर तो टिकत नाही. ही रेषा नसेल तर पुढची सगळी चिकित्सा अर्धी राहते, कारण झीज कोणत्या दिशेला आहे हेच कळणार नाही. बेअरिंगला वरून खाली नंबर द्या, आणि रबरावरही त्याच रेषेत खडूने खूण करा.

पंप आडवा करताना दोनच स्लिंगवर लटकवला तर मधला शाफ्ट वाकतो आणि नंतर तो आधीच वाकला होता की आत्ता, हे सांगता येत नाही. खाली लाकडी ठोकळे प्रत्येक बेअरिंगच्या जागेखाली ठेवा.

आता बादलीभर गोडे पाणी आणि मऊ ब्रश, एवढेच. इम्पेलरच्या पात्यांमध्ये काय अडकले आहे त्याचे फोटो काढा, काढून वजन करा. हे वजन हलके समजू नका. १२० किलोच्या इम्पेलरला ९९० फेऱ्यांवर बॅलन्सची सर्वसाधारण मर्यादा, जी-६.३ ग्रेडने, किलोमागे सुमारे ६१ ग्रॅम-मिमी येते. म्हणजे एकूण साधारण ७३०० ग्रॅम-मिमी, आणि २०० मिमी त्रिज्येवर जेमतेम ३६ ग्रॅम. बार्नेकलचा मूठभर पुंजका किंवा पात्यात रुतलेला एक कालव याहून जड भरतो. उभा राहिलेला स्टँडबाय पंप कोकणातल्या कोमट पाण्यात काही आठवड्यांतच आतून शिंपल्यांनी भरू लागतो, क्लोरीन त्याच्यापर्यंत पोचत नसेल तर आणखी लवकर. असा पंप चालू करताच व्हायब्रेशन एकदम जास्त दिसते, मग शिंपले सुटून गेले की कधी उतरते, कधी एका बाजूचे सुटून आणखी वाढते. तुमचा चढ चार महिन्यांचा आणि सलग आहे, म्हणून हे मुख्य कारण असण्याची शक्यता मला कमी वाटते. तरी वजन करून नोंदवा.

झीज वाचणे

बेअरिंग आणि त्यात फिरणारी स्लीव्ह ही जोडी एकत्र वाचायची. दोघांपैकी कोण एका बाजूने झिजले आणि कोण सगळीकडून, यावर सगळे उत्तर आहे.

स्लीव्ह एकाच बाजूने झिजलेली आणि रबर चहूबाजूंनी सारखे झिजलेले असेल, तर शाफ्टची एकच बाजू सतत बाहेर झुकून सगळ्या रबरावर फिरत होती. शाफ्ट वाकलेला आहे किंवा इम्पेलर अनबॅलन्स आहे. उलट, स्लीव्ह सगळीकडून सारखी आणि रबर एकाच बाजूला खोल झिजलेले असेल, तर जोर बाहेरून, एकाच ठरलेल्या दिशेला लागत होता : कॉलम तिरका, बेअरिंग एका रेषेत नाहीत, किंवा पाइपचा रेटा. दोघेही चहूबाजूंनी सारखे झिजले असतील तर वाळू किंवा कोरडे चालणे. यातही फरक आहे. वाळूने रबर गुळगुळीत पण ओरखडलेले, खाचांमध्ये गाळ, आणि स्लीव्हवर बारीक गोल रेघा. कोरड्या चालण्याने रबर काळे चकचकीत, कडक, कुठे फुगलेले किंवा पाठीच्या कवचापासून सुटलेले, आणि स्लीव्हवर निळसर-तपकिरी उष्णतेचा डाग.

मग सगळी बेअरिंग एका ओळीत मांडा आणि वरून खाली पाहा. फक्त तळाचे गेले असेल तर इम्पेलर, गाळ आणि सक्शनकडे बघा. सगळ्यांची झीज एकाच दिशेला आणि वरून खाली वाढत जाणारी असेल तर डेकपासून सगळा कॉलमच कललेला आहे. सोलप्लेटची लेव्हल आणि पाइपचा ताण तपासा, लेव्हल मीटरमागे ०.०५ मिमीच्या आत हवी. प्रत्येक बेअरिंगची झीज वेगळ्या दिशेला असेल तर कॉलमचे जोड नीट बसलेले नाहीत : स्पिगॉटवर (जोड नेमका बसवणाऱ्या कडेवर) जुना रंग, गंजाचे पापुद्रे, गॅस्केट एका बाजूला दुमडलेली. फक्त वरची दोन-तीन जळालेली असतील तर ती पंप चालू होताना कोरडी चालली. तुमच्या प्रश्नातली लक्षणे, म्हणजे ग्लँडची सततची गळती, तुटण्याची जागा आणि ओहोटीचा आवाज, याच दिशेला बोट दाखवतात.

त्याचे कारण तुमच्याच आकड्यांतून निघते. डेक ७.२ मीटरवर, दर दीड मीटरला बेअरिंग. म्हणजे बेअरिंगच्या जागा ७.२, ५.७, ४.२, २.७, १.२ आणि उणे ०.३ मीटरवर येतात. मोठ्या भरतीला पाणी ४.५ वर असताना वरची दोनच कोरडी असतात. ओहोटीला ०.८ वर असताना वरची पाच कोरडी असतात. ओहोटीला पंप चालू केला तर कॉलम भरायला चार-पाच सेकंद तरी लागतात, आणि तेवढ्या वेळात स्लीव्ह सेकंदाला पाच मीटरच्या आसपासच्या गतीने कोरड्या रबरावर फिरते. रबरी बेअरिंग जळायला तेवढे पुरते. म्हणूनच अशा पंपांना चालू करण्याआधी काही मिनिटे वरून गाळलेले गोडे पाणी सोडायची लाइन असते. ती लाइन उघडून पाहा. नळी चोंदलेली आहे का, सोलेनॉइड उघडतो का, फ्लो स्विचला (पाणी नसेल तर पंप चालू होऊ न देणाऱ्या स्विचला) कोणी जंपर, म्हणजे बायपासची तार, मारून ठेवला आहे का? इंटरलॉक ट्रिप देतो म्हणून तो बायपास करणे आणि मग विसरून जाणे, हे फार ठिकाणी घडते, आणि ते पॅनेलमध्येच सापडते.

लाइन ठीक असेल तर डिस्चार्ज हेडवरचा एअर व्हॉल्व्ह खोला. मिठाने आणि शिंपल्यांनी त्याचा फ्लोट अडकला असेल तर कॉलमच्या माथ्याशी हवा कोंडून राहते. पंप पूर्ण पाणी देत असतो, प्रेशर ठीक दिसते, आणि सगळ्यात वरचे बेअरिंग मात्र तासन्‌तास हवेत फिरत असते. ग्लँडमधून पाण्याऐवजी फुसफुस ऐकू येत असेल तर हेच.

एक बेअरिंग गेल्यावर शाफ्टचे काय होते

एक बेअरिंग गेल्याने इतके मोठे नुकसान कसे, असे वाटू शकते. ८० मिमीचा स्टेनलेस शाफ्ट दीड मीटरच्या दोन टेकूंवर असताना त्याचा क्रिटिकल स्पीड, म्हणजे तो स्वतःच जोरात झोके घेऊ लागतो तो वेग, साधारण ४१०० फेऱ्यांवर असतो, म्हणजे ९९० पासून खूप दूर. हा वेग टेकूंमधल्या अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. मधले एक बेअरिंग झिजून त्याचा आधार संपला की अंतर तीन मीटर होते आणि क्रिटिकल स्पीड चौथ्या हिश्श्यावर, सुमारे १०३० फेऱ्यांवर उतरतो. भोवतालचे पाणी तो थोडा कमी करते, खालच्या थ्रस्टचा (इम्पेलरच्या खाली ओढणाऱ्या जोराचा) ताण थोडा वाढवतो. आकडा ९९० च्या आसपासच राहतो. म्हणजे बेअरिंग नवे असताना जो शाफ्ट निवांत होता, तोच आता आपल्या नैसर्गिक वेगाच्या उंबरठ्यावर फिरू लागतो. त्याचा झोका शेजारची बेअरिंग खातो, ग्लँडची दोरी खातो, आणि मोटरच्या माथ्यावर मोठे व्हायब्रेशन म्हणून दिसतो. मोटर दुरुस्त करून फरक का पडला नाही, याचे उत्तर इथे आहे.

शाफ्ट एकाच वेगाने नुसता घुमत असेल तर त्यातला ताण फारसा उलटसुलट होत नाही. पण एका बाजूने जास्त जळालेल्या बेअरिंगमध्ये तो आपटत फिरतो आणि प्रत्येक फेऱ्याला ताण वरखाली होतो. ९९० फेऱ्यांना आठवड्यात जवळपास एक कोटी आवर्तने होतात. समुद्राच्या पाण्यात स्टेनलेसला कोरड्या हवेसारखी सुरक्षित थकवा-मर्यादा राहत नाही. ताण कमी असला तरी खड्ड्यातून तडा सुरू होतो आणि वाढत राहतो. की-वेचा टोकदार कोपरा आणि कपलिंगखालचे साचलेले पाणी, दोन्ही एकाच जागी आले की तडा तिथेच सुरू होणार.

तुटलेला चेहरा

तुटलेले दोन भाग एकमेकांना लावून पाहू नका. बारीक खुणा घासून जातात. वायर ब्रश तर नकोच. गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, पातळ तेल मारा, कापडात गुंडाळा, मग भिंगाखाली पाहा. थकव्याने तुटलेल्या चेहऱ्यावर, ओहोटीनंतर वाळूवर राहणाऱ्या लाटांच्या रेघांसारख्या वक्र रेघा दिसतात. त्या ज्या बिंदूकडे गोळा होतात तिथे तडा सुरू झाला. राहिलेला खडबडीत भाग शेवटच्या क्षणी तुटला. तो लहान असेल तर रोजचा ताण कमी होता आणि तडा बराच काळ वाढत होता. अर्ध्याहून मोठा असेल तर ताणच जास्त होता.

सुरुवात परिघावर अनेक ठिकाणी असेल तर जोर बाहेरून एका दिशेला होता आणि शाफ्ट त्यात फिरत होता. तिरका कॉलम किंवा पाइपचा रेटा पुन्हा तपासा. सुरुवात एकाच बाजूला असेल आणि तीच बाजू स्लीव्हवरही झिजलेली असेल तर वाकलेला शाफ्ट किंवा अनबॅलन्स. रेघा मुळीच नाहीत, चेहरा सपाट आणि पिळवटलेला दिसतो, तर तो एका झटक्यात पिळून तुटला. हा झटका बहुधा उलट फिरण्यातून येतो. पंप ट्रिप झाला, डिस्चार्ज व्हॉल्व्ह मिटला नाही, पाणी मागे येऊन पंप उलटा फिरला, आणि त्या अवस्थेत कोणी पुन्हा स्टार्ट दिला. नॉन-रिव्हर्स रॅचेटच्या (पंप उलटा फिरू न देणाऱ्या अडसराच्या) पिना वर-खाली सहज सरकतात का, हे हाताने पाहा. खारट हवेत त्या जागच्या जागी चिकटून बसतात.

तुमच्याकडे रेघा दिसतील अशी माझी अपेक्षा आहे. दिसल्या तर उरलेल्या सगळ्या शाफ्ट-तुकड्यांच्या की-वेंची डाय पेनिट्रंट (रंग मुरवून तडे दाखवणारी) तपासणी करा. एक तुटला म्हणजे बाकीच्यांतही तडे सुरू झालेले असू शकतात, आणि जुने तुकडे नव्याबरोबर जोडले तर पुढचा तिथे तुटेल. स्लीव्ह काढून तिच्याखालीही बघा. ३१६ उघड्यावर, वाहत्या पाण्यात ठीक असते. स्लीव्हखाली आणि कपलिंगखाली, जिथे पाणी साचून राहते आणि ऑक्सिजन संपतो, तिथे ते आतल्या आत खड्डे पाडून खाल्ले जाते. नव्याने करायचाच असेल तर शाफ्ट सुपर डुप्लेक्स स्टेनलेसचा करा आणि की-वेच्या तळाच्या कोपऱ्याला गोलाई मागा. ड्रॉइंगवर ती लिहून द्या, नाहीतर मशीनिस्ट धारदार कोपरा काढून देतो.

सक्शन

ओहोटीच्या आवाजाचे दुसरे कारण नाकारता आले पाहिजे. बेलमाउथ ९०० मिमी धरला तर या फ्लोला भोवऱ्यापासून वाचायला बेलच्या तोंडावर साधारण २ मीटर पाणी लागते. ०.८ च्या ओहोटीला तुमच्याकडे २.३ मीटर आहे. ट्रॅव्हलिंग स्क्रीनवर (कचरा अडवणाऱ्या फिरत्या जाळीवर) प्लास्टिक किंवा जेलीफिश साचून दोन्ही बाजूंच्या पातळीत ४०० मिमीचा फरक पडला की ते १.९ होते. म्हणजे स्क्रीन स्वच्छ असेल तर निभावते, चोंदली तर पंप हवा ओढू लागतो. अँपिअर डुलत होते का, यावरून हे ठरेल. बेल आणि तळ यांतले अंतर बेलच्या व्यासाच्या तृतीयांश ते अर्ध्यापर्यंत हवे. पावसाळ्यानंतर डायव्हर उतरवून गाळ मोजून घ्या.

परत बसवताना

प्रत्येक शाफ्ट-तुकडा व्ही-ब्लॉकवर फिरवून रनआउट (फिरताना होणारे डोलणे) मोजा : मीटरमागे ०.०४ मिमी आणि जोडलेल्या लांबीला ०.०८ मिमीच्या आत. टोकांचे चेहरे काटकोनात हवेत. तिथे एक बुरी (धातूची उरलेली बारीक कड) राहिली तरी कपलिंग आवळल्यावर पुढचा शाफ्ट तिरका जातो आणि दीड मीटरवर तो फरक डोळ्यांना दिसण्याइतका होतो. कॉलमचे स्पिगॉट धातूपर्यंत स्वच्छ, फ्लँजचे चेहरे समांतर. कॉलम बिडाचा असेल तर स्पिगॉटच्या कडेला चाकूने खरवडून पाहा. बीड बाहेरून शाबूत दिसते आणि आतून ग्रॅफाइटचा मऊ सांगाडा उरलेला असतो. चाकू रुतला तर तो तुकडा बदलायचा. रबरी बेअरिंग बसवताना साबणाचे पाणी वापरा, ग्रीस नको.

इम्पेलरची उंची ठरवताना शाफ्ट लांबतो हे धरा. साधारण ३० किलोन्यूटन थ्रस्टला नऊ मीटरचा ८० मिमी शाफ्ट सुमारे ०.२८ मिमी ताणला जातो, आणि मिटलेल्या व्हॉल्व्हवर थ्रस्ट आणखी वाढतो. सेमी-ओपन इम्पेलरला थंड अवस्थेत ०.३ मिमी सोडून खूश झालात, तर चालू झाल्यावर तो लाइनरला (भोवतीच्या अस्तराला) घासणार. कंपनीने दिलेल्या क्लिअरन्समध्ये ही लांबी मोजली आहे का, ते विचारून घ्या. अॅडजस्टिंग नट किती फिरवला ते आट्याच्या पिचवरून मोजा आणि शेवटी ग्लँडपाशी डायल लावून शाफ्ट हाताने पूर्ण फिरवा, ०.०५ मिमीपेक्षा जास्त येत असेल तर कपलिंग पुन्हा बघा. मोटरची दिशा कपलिंग न जोडताच तपासा.

पहिल्या चाचणीत व्हायब्रेशन मोटरच्या माथ्यावर, मोटरच्या पायथ्याशी, डिस्चार्ज हेडवर आणि सोलप्लेटवर, चारही ठिकाणी दोन दिशांना घ्या, एकदा भरतीला आणि एकदा ओहोटीला. नुसता एकूण आकडा नको, स्पेक्ट्रम (कोणत्या वारंवारतेला किती, याचा आलेख) ठेवा. फेऱ्यांच्या ४० ते ४८ टक्क्यांवर, म्हणजे ७-८ हर्ट्झच्या आसपास, छोटा टेकाडासारखा उठाव पुढे कधी दिसू लागला, तर पाण्याखालचे बेअरिंग ढिले होत चालल्याची ती पहिली खूण असते, आणि ती माथ्यावरचा एकूण आकडा वाढण्याच्या बरीच आधी येते.

तुमच्या शेजारचा पंप बहुधा त्याच प्री-ल्यूब हेडरवर (चालू करण्याआधी गोडे पाणी सोडणाऱ्या मुख्य नळीवर) आहे. हा पंप उघडण्याचे काम सुरू करण्याआधी त्या हेडरचा गाळणी-जाळीचा बाउल काढून बघा आणि शेजारच्या पंपाचा फ्लो स्विच खरोखर स्टार्ट अडवतो का, ते पाणी बंद करून तपासा.